खंडेनवमीचा सेल

मुरुमच्या पेठेत शिवप्रसादचं मोटारींचं वायंडिंग भरायचं दुकान आहे. पुढं तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या वार्निशचा वास आणि पाण्यातल्या मोटारी टेम्पोतून उतरवणारी माणसं. मागं एक पडदा, आणि पडद्यामागं त्याची बायको गायत्री. पेठेला वाटायचं, बाई नवऱ्याचा डबा घेऊन येते आणि उन्हाचं तिथंच जरा टेकते. खरं तर त्या पडद्यामागं बसून ती सर्किट बोर्ड आखायची.

गायत्री जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली. पुढं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तोही रडतखडत, कारण पुस्तकं सगळी इंग्रजीत. लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि हातातलं सुटू नये म्हणून तिनं एक जुना कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवला. चिपची माहितीपत्रकं ती ओळीखाली बोट धरून वाचायची, एक ओळ तीनदा. समजलं की बोट खाली सरकायचं. बोर्ड आखायला घेतला की पहिल्यांदा एका कोपऱ्यात तांब्यात उमटेल असं इवलंसं बेलाचं पान काढायची, मग पहिली तार. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारणारंही कुणी नव्हतं.

उमरग्याच्या दिग्विजयचं तसं नव्हतं. त्याला पडद्यामागचं काम ठाऊक होतं. तो अंडी उबवायची मशीनं बनवायचा. पत्र्याची पेटी, आत हीटर, पंखा, अंड्यांचे ट्रे. पेटी तो बनवायचा, पण तिचं डोकं त्याला बाहेरून आणावं लागे. एक दिवस तो दुकानात येऊन स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "गायत्रीवहिनी, पुण्याचा बोर्ड मला परवडत न्हाय. तुम्ही करा की."

हे घरी कळलं तेव्हा गायत्रीच्या सासूबाई, इरम्मा, कपाळाला विभूती लावत होत्या. बोटं तशीच हवेत राहिली.

"गळ्यात लिंग आणि हातात कोंबडीचं अंडं? शिव शिव! लिंगायताच्या घरात ही कसली ब्याद आणली गं?"

"अव्वा, अंडी खायची न्हायत, उबवायची हायत," गायत्री म्हणाली. "जीव घ्यायचा न्हाय, द्यायचाय."

"आज उबिवतील, उद्या कापतील. तू कुठंकुठं बघायला जाशील?"

"ते माझ्या हातात न्हाय. अंड्यातून जितं बाहेर येईपर्यंत माझ्या हातात हाय. तेवढं मी नीट करीन."

इरम्मांनी विभूतीची तीन बोटं ओढली आणि त्या पूजेला वळल्या. पण गायत्रीनं शब्द देऊन ठेवला होता. सासूला म्हणा, देवाला म्हणा.

दिग्विजयची मागणी साधी वाटत होती. अंड्यांना साडेसदतीसच्या जरा वर, अडतीसच्या आत अशी ऊब हवी, ती मशीननं सांभाळायची. पण त्याला आणखी एक पाहिजे होतं. मशीन केव्हा किती तापलं, लाईट कधी गेली, कधी आली, याची दर काही सेकंदांनी नोंद.

"कशाला ओ एवढी?" गायत्रीनं विचारलं.

"गिऱ्हाईक येतंय, अंडी वाया गेली म्हणून बोंबलतंय. आपण बटण दाबून दाखवायचं, हे बघा, तुमच्याकडंच लाईट न्हवती. मिटला विषय."

नोंद ठेवायला चिप लागते, आणि चिपा दोन तऱ्हेच्या. एकीवर लिहिलं की वीज नसली तरी वर्षानुवर्षं पुसत नाही. पण सारखं लिहून-खोडून ती झिजते. दर काही सेकंदांनी लिहायचं म्हटलं तर लवकरच बाद. दुसरी स्टॅटिक रॅम. तिच्यावर कितीही वेळा लिहा, ती थकत नाही, मधूनमधून उजळणी मागत नाही, मागितलं की त्याच क्षणी काढून देते. फक्त वीज पाहिजे. वीज तुटली की सगळं विसरली. पाटी कोरी होते असंही नाही. परत वीज दिली की पाटीवर कुणीतरी वाटेल ते गिरगटून ठेवल्यासारखं असतं.

गायत्रीला ही दुसरी चिप मनापासून आवडायची. आत कुठं ठेवायचं ते सांगणाऱ्या तिच्या पत्त्याच्या तारा उलटसुलट जोडल्या तरी बिघडत नाही. ज्या वाटेनं आत ठेवलं, त्याच वाटेनं परत मिळतं. त्यामुळं तारा एकमेकींना ओलांडू न देता बोर्ड सुबक आखता येतो. तिनं चिपच्या पायाला अगदी चिकटून, जराशी वीज साठवून धरणारा कपॅसिटर बसवला. लाईट गेली तर चिपची वीज तुटू नये म्हणून नाण्याएवढा बटण सेल दिला. लाईट जाता-जाता जो हिसका बसतो त्यात चिपवर भलतंच काही लिहिलं जाऊ नये म्हणून तिचं दार आपोआप बंद होईल अशी सोय केली. सेल बोर्डाच्या पोटात न ठेवता पेटीच्या तोंडाशी, छोट्या झाकणामागं घेतला. उद्या बदलायची वेळ आली तर मशीन चालू ठेवूनच बदलायचा. आयाबायांना पेटी खोलावी लागू नये. नेमलेलं तापमानही तिनं नोंदींबरोबर त्याच चिपमध्ये ठेवलं. एका घरात सगळा संसार.

आणि एक कडी तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. चुकून कुणी भलतं तापमान भरलं तर पेटीला आग लागायला नको. म्हणून आकडा बेचाळीसच्या वरचा आला, कितीही वरचा असो, तर मशीननं तो बेचाळीसच धरायचा.

मशीनं खपली. त्यातलं एक माकणीच्या कस्तुराबाईनं बचतगटातून घेतलं. धरणाच्या अलीकडं तिचं घर. पहिल्या खेपेची पिल्लं निघाली तेव्हा ती नवरा बलभीमला घेऊन थेट मुरुमला आली, हातात पेढ्यांचा पुडा. मशीनचं डोकं बाईनं केलंय हे तिला दिग्विजयनं सांगितलं होतं.

"कुठाय ती बाई?" पडदा सारून तिनं आत पाहिलं. "अगं बया! येवढीशीच हाय की! म्या म्हनलं, चष्मा-बिष्मा लावून कुनी मोठी मॅडम असंल."

"बसा मावशी."

"बसत न्हाय. पिल्लं एकली हायत घरी." तिनं गायत्रीच्या तोंडासमोरून हात फिरवून बोटं मोडली. "माझ्या पोराबाळावानी झालंय बग ते मशीन. सांजसकाळ म्होरं बसून ऱ्हाते."

बलभीम बाहेर शिवप्रसादशी बोलत होता. "तिला कवाबी बगा, मशीनकडं. येवढं माझ्याकडं बगितलं असतं तर म्याबी अंडी दिली असती!"

सगळे हसले. पेढा गायत्रीनं घरी नेला. इरम्मांनी तो देवापुढं ठेवला, तोंडात टाकला नाही. पण परतही दिला नाही. गायत्रीला तेवढं पुष्कळ होतं.

मग दसरा आला.

खंडेनवमीला मुरुमच्या दुकानात एकाही यंत्राला विजेचा स्पर्श नव्हता. वायंडिंगचं यंत्र पुसलं, पक्कड-पाने धुतले, झेंडूच्या माळा झाल्या. गायत्रीनं आपली सोल्डरिंग आयर्न, मीटर, कॉम्प्युटर ओळीनं मांडले. मीटरच्या पाठीचा स्क्रू काढून आतला सेल बाहेर घेतला, पुसला, जागेवर ठेवला. दरवर्षी ती हेच करते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आजच्या दिवशी थांबवायचं, आतूनबाहेरून निर्मळ करायचं, हळदकुंकू वाहायचं, ही जिल्हाभरची रीत. कुऱ्हाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत कुणाला ती चुकत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिग्विजयचा फोन आला. "वहिनी, माकणीच्या मशीनमधली अंडी गेली. मी जीप घेऊन येतो, तुम्हीबी चला."

कस्तुराबाई ओसरीवर बसली होती. पुढ्यात ट्रे काढून ठेवलेले. एक अंडं तिनं फोडून बघितलं होतं, ते बशीत होतं. आत पूर्ण झालेलं पिल्लू, अंगावर ओली लव, चोच पंखाखाली घातलेली. गायत्रीनं जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं. ती बशीकडं बघत उभी राहिली.

"हालत व्हती गं," कस्तुराबाई म्हणाली. "बॅटरी लावून बगितलं की आत हालत व्हती समदी."

बलभीम दारातून बोलला, "म्या पैल्यापासून म्हनत व्हतो, खुडूक कोंबडी बसीव. कोंबडीला न्हाय बटन, न्हाय सेल." पण त्याच्या बोलण्यात नेहमीची गंमत नव्हती.

दिग्विजय पेटीपाशी गेला, बटण दाबून नोंद बघितली. "खंडेनवमीच्या आधीचं कायच न्हाय इथं. मावशी, सेलला हात लावला व्हता का?"

"लावला की. खंडेनवमी न्हाय का? इळा, खुरपं, शिलाई मशीन, समद्यांची पूजा केली. मग ह्यालाच कसं वगळावं? ह्याच्यावर तर घर हाय. बटन बंद केलं, फडक्यानं पुसून काडलं, सेल काडून त्येलाबी हळदकुक्कू वाहिलं. लगीच बसिवला. अंडी गार होऊ दिली न्हायत म्या."

"आणि मग?"

"मग काय? जरा येळानं हिरवा दिवा लागला. तुमीच म्हनला व्हता, हिरवा दिवा असला की निर्धास्त निजा."

गायत्रीनं झाकण उघडून सेल काढला. कडेला कुंकवाचं बोट होतं. तिनं पेटीच्या छोट्या स्क्रीनवर बघितलं. वरच्या ओळीत आतलं तापमान बेचाळीस, खालच्या ओळीत नेमलेलं तापमान बेचाळीस. दोन्ही जुळले की हिरवा दिवा लावायचा, असं तिनंच लिहिलं होतं.

तिला सगळं एका दमात कळलं. लाईट बंद आणि सेलही बाहेर, म्हणजे चिप विसरली. परत वीज आली तेव्हा तिच्यात गिरगटा होता, कुठला तरी अवाढव्य आकडा. तो तसाच राहता तर मशीन अडलं असतं, कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण गायत्रीनं घातलेल्या कडीनं त्या गिरगट्याला बेचाळीस करून शहाणं केलं, आणि पिल्लं त्या उष्णतेत गेली. चालू होताना आपली आठवण शाबूत आहे का एवढं आधी तपासून बघ, नसेल तर भोंगा वाजव, ही ओळ तिनं लिहिलीच नव्हती. सेल असताना आठवण जाईल कशी, असं धरून चालली. स्वतः दरवर्षी मीटरचा सेल काढून पुसणारी बाई!

"तिथंच घात झाला," दिग्विजय म्हणाला. "मावशी, सेल काढायचा नसतोय. वहिनी, सांगा त्यांना."

सगळ्यांनी गायत्रीकडं पाहिलं. बोलायचं ते जिभेवर होतं. बाहेर अशी तीसेक मशीनं आहेत, दिग्विजय समोर उभा आहे, घरी सासू आहे.

"सेल काढायचा नसतो, मावशी," ती म्हणाली. एवढंच.

कस्तुराबाईनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "म्हंजी म्याच मारली. पूजा कराय गेले आन् म्याच मारली."

परतताना जीपमध्ये गायत्री म्हणाली, "भावजी, चूक बोर्डाची हाय."

"बोर्डाची म्हंजे तुमचीच की, वहिनी." दिग्विजय समोर रस्त्याकडं बघत होता. "आता तीस घरी जाऊन सांगणार का तसं? पुढच्या लॉटला करा दुरुस्ती. जुन्यांना मी स्टिकर लावतो."

घरी इरम्मांना कुणी सांगायची गरज पडली नाही. सुनेचा चेहरा बघूनच त्यांनी विचारलं, "किती जीव व्हते?"

"दोन ट्रे भरून."

गायत्रीला वाटलं, आता टोमणा येईल. तो आला असता तर बरं झालं असतं. म्हातारी हळू म्हणाली, "आपल्यात सुतक पाळत न्हाईत. पाळत असते, तर आज तुला पाळावं लागलं असतं."

सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन गायत्री पूजेला बसली. रोज त्या काळ्या गोळ्यावर नजर ठेवली की मन आपोआप थांबायचं. आज तिथं ओली लव दिसत होती. तिनं शिवप्रसादला सगळं सांगितलं. तो भला माणूस, पण भल्या माणसाचं शहाणपण त्याच्याकडं होतं. "झालं ते झालं. तू काय जाणूनबुजून केलंस? गप ऱ्हा. त्या मावशी विसरतील हळूहळू."

"त्या विसरणाऱ्यांतल्या न्हाईत, अहो."

मग ती कामाला लागली. नेमलेलं तापमान न विसरणाऱ्या जागी हलवलं, चालू होताना तपासणी लिहिली, भोंगा जोडला. सेल काढला तरी त्या वेळात चिपला धरून ठेवेल असा मोठा कपॅसिटर बोर्डावर बसवला. शिल्लक बोर्ड होता, त्यावरच डागडुजी केली. पुन्हापुन्हा सेल काढला, लाईट बंद केली. चिप विसरली नाही. जे आधी सुचायला पाहिजे होतं ते एका दिवसाचं काम होतं, हे बघून तिला स्वतःची शिसारी आली.

कोजागरीच्या अलीकडं ती एकटीच एसटीनं माकणीला गेली. बोर्ड पिशवीत, आणि बोलायचं ते घोकून ठेवलेलं.

कस्तुराबाई निघायच्या तयारीत होती. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत परडी, पाय अनवाणी. पुनवेला चालत तुळजापूर गाठणाऱ्या बायांची टोळी वेशीपाशी जमत होती.

"मावशी, मला बोलायचंय. जरा बसा."

"चालता-चालता बोल लेकी. बाया खोळंबल्यात."

"न्हाय, बसा." गायत्रीनं तिचा हात धरला. "अंडी तुमच्यामुळं न्हाय मेली. सेल कुणी काढला तरी मशीननं अंडी मारायची नव्हती, वराडून सांगायचं व्हतं. ते मी त्याच्यात घातलंच न्हाय. हिरवा दिवा खोटा लागला, तो मी लावला. त्या दिवशी मला कळलं व्हतं, मी बोलले न्हाय."

कस्तुराबाईनं तिच्याकडं टक लावून बघितलं. मग तिचा चेहरा मऊ झाला. तेच गायत्रीला सोसेना.

"माझं मन राखाय आलीस व्हय, येवढ्या लांब?"

"मन राखत न्हाय. खरं सांगते."

"मग त्ये काय लिवलंय?" कस्तुराबाईनं पेटीकडं बोट केलं. झाकणाच्या वर नवाकोरा पिवळा स्टिकर होता. चौथी शिकलेली कस्तुराबाई एकेका अक्षरावर थांबत वाचू लागली. "सेल... काढू... नये. काढल्यास... जबाबदारी... ग्राहकाची. गिऱ्हाईक कोन? म्याच की. काल येऊन लावून गेलेत. छापून लिवलेलं खोटं असंल का?"

"ते खोटंच हाय, मावशी."

"असू दे." तिनं परडी सावरली. "हे बग, चूक माझी असली तर मला आईकडं जाता येतंय. चालत जाते, पायाला फोड येत्यात, नाक घासते, ती पदरात घेती. तुझी चूक असंल तर म्या कुनाकडं जाऊ? तुझ्या त्या चिपकडं?"

कस्तुराबाईनं परडीतलं कुंकू काढून गायत्रीच्या कपाळाला विभूतीच्या खाली लावलं, तिच्यासाठी हात जोडले आणि निघाली. बोळातून वळेपर्यंत बायांचा "आई राजा उदो उदो" ऐकू येत होता, त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

बलभीम ओसरीच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होता.

"तुमचं खरं असंल बाई," तो म्हणाला. "मला पटलं. आवो, येवढं येडं मशीन कसं असंल, हे मलाबी वाटतच व्हतं."

"मग तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"आता?" तो हसल्यासारखं करून थांबला. "त्या दिशी तुमी दोघं गेला आन् बचतगटाच्या बाया आल्या. हिनं समद्यांसमोर पदर पसरला, म्हनली, माझ्या हातानं पाप झालं. कोन बोलंना तिच्याशी धड. गटानं मशीन दुसरीच्या नावानं करायचं ठरिवलंय, तीबी घेईना, अपशकुनी म्हनती. त्या दिशी तुमी एक शबूद बोलला असता तर तिनं ऐकलं असतं. आज तिनं अनवानी पाय टाकलाय. आता ती पाप सोडायची न्हाय, त्येच्यासाठीच तर चाललीय."

गायत्रीनं मान खाली घातली. मग पिशवीतून पाना आणि बोर्ड काढला आणि पेटीपुढं खाली बसली.

"आता ह्यो कुनासाठी बसिवता?" बलभीमनं विचारलं.

तिनं जुना बोर्ड सोडवला, नवा बसवला, तारा जोडल्या, साडेसदतीसच्या वरचं तापमान भरलं. सेल काढून बघितला, घालून बघितला. सगळं शाबूत राहिलं. बलभीम आत निघून गेला होता. पेटीत पंखा फिरायला लागला, हीटर लागला, आणि धुऊन उन्हात वाळवलेले रिकामे ट्रे हळूहळू गरम होऊ लागले.